सोमालियातले तुर्की इस्पितळ आणि आपली चळवळ

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या साहेब लोकांचा विषय, भाकरीच्या आणि अत्याचाराच्या प्रश्नांत गुंतलेल्या आपल्याला त्याचे काय, असे आपल्यातले अनेक कार्यकर्ते म्हणतात. बाबासाहेब असे म्हणत नव्हते. 1951 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत हिंदू कोड बिल होते, तसेच परराष्ट्र धोरणही होते. देशाच्या वार्षिक 350 कोटींच्या महसुलातले सुमारे 180 कोटी लष्करावर जातात आणि हा बोजा त्या धोरणाचा परिणाम आहे, हा त्यांचा हिशेब होता. परराष्ट्र धोरणाची किंमत गरीबच मोजतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितले.

आज तुर्कस्तानकडे बघा. हा देश महासत्ता नाही. त्याची स्वतःची अर्थव्यवस्था महागाईने पोखरलेली आहे. तरीही आफ्रिकेत 2002 साली त्याचे 12 दूतावास होते, आज ते चाळीसच्या वर गेले आहेत. हे कसे घडले?

ऑगस्ट 2011 मध्ये सोमालियात दुष्काळाने माणसे मरत होती. पाश्चात्त्य देशांचे अधिकारी सोमालियाचा कारभार नैरोबीत बसून बघत असताना एर्दोगान कुटुंबासह थेट मोगादिशूत उतरले. पुढच्याच वर्षी तुर्की विमानसेवा तिथे सुरू झाली. मग रस्ते, इस्पितळ, सोमाली विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या. विमानतळ आणि बंदर चालवण्याचे काम तुर्की कंपन्यांना मिळाले. 2017 मध्ये लष्करी प्रशिक्षण तळ उभा राहिला. 2024 मध्ये संरक्षणाचा दहा वर्षांचा करार झाला आणि तेल शोधणारे तुर्की जहाज सोमाली समुद्रात दाखल झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इथिओपिया आणि सोमालिया यांचे भांडण अंकारात मिटवले गेले.

क्रम लक्षात घ्या. आधी भाकरी, मग शाळा, मग बंदर, मग बंदूक, शेवटी तेल. मदत खरी होती, तिने जीव वाचले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती फुकट नव्हती, हेही तितकेच खरे.

आता याच राज्यसत्तेचा घरातला चेहरा बघा. सोमालियाच्या उपेक्षितांसाठी गहिवरणाऱ्या तुर्कस्तानच्या राज्यघटनेचे 42 वे कलम तुर्कीखेरीज दुसरी कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवू देत नाही. कोट्यवधी कुर्दांच्या मुलांनी काय करायचे? त्यांचे नेते सेलाहत्तिन देमिर्ताश यांना 2016 मध्ये तुरुंगात टाकले गेले. परदेशात करुणा, घरात दमन.

ओळखीचे वाटते ना? 1946 मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरील वंशभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असे दक्षिण आफ्रिका म्हणाली. भारताने ते मानले नाही, आणि ते योग्यच होते. पण 2001 मध्ये दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न येऊ लागला तेव्हा भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेचीच जुनी ढाल पुढे केली! 2023 मध्ये जी-20 साठी 'वसुधैव कुटुंबकम'चे फलक लागले आणि दिल्लीतल्या झोपड्या हिरव्या कापडाआड झाकल्या गेल्या. कुटुंबातली ही माणसे पाहुण्यांना का दाखवायची नव्हती?

आपल्याकडे ना दूतावास आहेत, ना जहाजे. पण मोगादिशूचा धडा आपल्यालाही लागू आहे. प्रभाव भाषणातून उभा राहत नाही. तो सतत हजर राहण्यातून, संस्थांतून आणि शिकलेल्या मुलांतून उभा राहतो. बाबासाहेबांनी 1946 मध्येच डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. सिअ‍ॅटल शहराने 2023 मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, ती तिथल्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे.

म्हणूनच राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची लढाई केवळ फीच्या पैशांची नाही. 2022 मध्ये या योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरील संशोधनाचे विषय वगळण्यात आले. परदेशी विद्यापीठात जाऊन आपल्या पोरांनी जातीवर लिहू नये, हाच त्याचा परिणाम. जगासमोर भारताबद्दल कोण बोलणार, हे ठरवणे हेसुद्धा परराष्ट्र धोरणच असते. ते फक्त त्यांच्या हाती का सोडायचे?

जय भीम!