आधी बोलणारा घाबरट नसतो

मंडळी, गौरी-गणपतीत आमच्या माणगावच्या घरी जागरणाला पत्ते निघतातच. पूर्वी मेंढीकोट, बदाम सात. आता पुतणेमंडळींच्या आग्रहाने पोकर. पैसे नाहीत हं, चिंचोके! या खेळात मला 'घाबरट मास्तर' अशी पदवी मिळाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं असं. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला मी, म्हणजे पहिली पाळी माझी. हातात इस्पिकचा आणि किलवरचा एक्का. मध्ये उघडलेली पहिली तीन पानं (याला फ्लॉप म्हणतात) राजा, नव्वी, सत्ती. तिन्ही बदामाची! मी 'चेक' म्हटलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. झालं, एकच गलका. "काका, दोन एक्के घेऊन चेक? मारायचं ना!"

का मारायचं? मी आयुष्यभर मराठी शिकवलं, गणित नव्हे. तरी एवढं कागदावर मांडता येतं. मला न दिसणारी पानं 47, त्यांत बदाम 10. समोर तिघे. त्यांच्यातल्या एकाकडे तरी बदाम असण्याची शक्यता शंभरात 78. कोणाचा तरी कलर तयारच असण्याची शंभरात सुमारे 12. आणि माझ्या मागून बोलणारे तिघे माझी चाल बघून ठरवणार. मला मात्र त्यांचं काहीच माहीत नाही.

अशा वेळी मी मोठी रास लावली की हलक्या पानांचे निघून जाणार आणि उरणार कलरवाला. म्हणजे स्वतःच्या खर्चाने मी कोणाला थांबवून घेतलं? मला हरवणाऱ्याला!

बदामचा एक्का माझ्या हातात असता तर गोष्ट वेगळी. शिवाय चेक म्हणजे पानं टाकणं नव्हे. समोरच्याने थोडं लावलं तर मी देईनच. उलट कधीकधी उत्तम पानांवरही चेक करावं, नाहीतर लोक आपल्याला ओळखून बसतात.

पण माझा राग चिंचोक्यांसाठी नाही. हसणाऱ्यांपैकीच एकाने मोबाईलवरच्या पोकरमध्ये एका रात्रीत महिन्याचा पगार घालवला होता, तो असाच 'मारायचं' म्हणत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. ठीकच झालं. पण 'थांबला तो घाबरला' ही समजूत कोणता कायदा घालवणार? वर्गात पहिला हात वर करणाऱ्यालाच हुशार समजण्याची चूक मीही वर्षानुवर्षं केली आहे.

असो. चौथं पान बदामाचंच आलं आणि समोरून मोठी रास पडली. मी पानं टाकली. गेले फक्त सुरुवातीचे चार चिंचोके. ते पान आलं नसतं, तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

पुतण्यांनो, वाचताय ना?