माशाआधी गिऱ्हाईक गळाला

अमेरिकेत मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मऊ प्लास्टिकच्या आमिषांना अख्खी भिंत दिलेली असते. गांडुळं, पाली, बेडूक, बोटभर मासे आणि ब्रह्मदेवालाही न सुचलेले काही प्राणी. वर प्रत्येकाचे डझनावारी रंग. बास मासा धरायला निघालेला नवशिका या भिंतीसमोर उभा राहिला, की शंभर डॉलरना चाट बसल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाही. घेतलेली निम्मी पाकिटं पुढे गॅरेजमध्ये धूळ खातात. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा इथल्या मराठी घरांतही शेजारच्या मुलाचं पाहून आपलं पोर गळासाठी हटून बसलं, तर आईबापांची गाडी याच भिंतीपाशी येऊन थांबते.

खरं तर सुरुवातीला एक पाकीट पुरतं. हिरवट-तपकिरी रंगाची, पाच-सहा इंची गांडुळं. सोबत चार-दोन गळ आणि तेवढीच वजनं. बाकीची भिंत खुशाल दुकानदारासाठी सोडून द्यावी.

या आमिषाचा जन्म साध्या स्वयंपाकघरातला. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम आणि त्याची पत्नी कॉस्मा यांनी घरच्या शेगडीवर प्लास्टिक शिजवून साच्यात ओतलं आणि १९४९च्या सुमारास ते गांडूळ बाजारात आणलं. रबरी गांडुळं त्याआधीही मिळत, पण ती ताठ असत. क्रीमचं गांडूळ पाण्यात लवलवायचं. पुढे कंपनी टेक्सासातल्या टायलर गावी गेली. त्या भागात नवी धरणं होत होती आणि त्यांच्या पाण्यात बुडालेल्या झाडाझुडपांत बास दबा धरून बसत होता. तिथे उघडा गळ टाकला की फांदीत अडकणार, हे ठरलेलंच. त्यावरचा तोडगा आज ‘टेक्सास रिग’ या नावाने जगभर चालतो. नवशिक्याने शिकायची पहिली बांधणी हीच.

ती अशी. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन, टोकाची बाजू वर ठेवून, तंगुसात ओवायचं. खाली मानेशी वाकडा असलेला गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात पाव इंच खुपसून बाजूने बाहेर काढायचं आणि गांडूळ गळाच्या मानेपर्यंत सरकवायचं. मग गळ अर्धा फिरवायचा आणि गांडूळ त्याच्या शेजारी लोंबतं धरून बाक नेमका कुठे येतो ते पाहायचं. तिथेच टोक आरपार घालून, पाठीच्या कातडीत जेमतेम लपेल एवढं परत टोचायचं. घाई होते ती इथेच. भोक दोन-तीन मिलिमीटर जरी मागेपुढे झालं तरी गांडूळ वाकतं. वाकलेलं गांडूळ ओढताना भिंगरीसारखं फिरतं आणि तंगुसाला पीळ पडतो. सरळ लोंबेपर्यंत पुन्हा टोचावं. तेवढा वेळ मासा थांबतो.

बास भक्ष्याचा लचका तोडत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. आत आलेलं लाकूड किंवा धातू त्याला लगेच खटकतं आणि तो ते थुंकून टाकतो. मऊ गांडूळ मात्र तो क्षणभर जास्त तोंडात ठेवतो, आणि नवख्या हाताला त्या जादा क्षणाचाच आधार असतो. म्हणून पडलेल्या झाडापाशी, पाणवेलींच्या कडेला, धक्क्याच्या सावलीत गांडूळ टाकावं, तळाशी जाऊ द्यावं, रॉडचं टोक हळूच उचलावं, पुन्हा पडू द्यावं. बरेचदा मासा गांडूळ खाली पडत असतानाच घेतो. हाताला ‘टक्’ जाणवतं किंवा तंगूस उगाच बाजूला सरकताना दिसतो. दिसण्यावर लक्ष ठेवणारा लवकर शिकतो. भराभर रीळ फिरवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

रंगांचं म्हणाल, तर नितळ पाण्यात हिरवट आणि गढूळ पाण्यात काळा-निळा, एवढ्यावर पहिला हंगाम निघतो. स्पर्धेत उतरणारे यावर हसतील. रे स्कॉट यांनी १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर स्पर्धा भरवली आणि बासची मासेमारी हा व्यवसाय झाला. त्या खेळाडूंना ठरल्या तासांत सगळ्यांत जड मासे काढायचे असतात, त्यामुळे त्यांच्या पेटाऱ्यात पन्नास प्रकार असणं समजू शकतं. पण त्यांचा पेटारा पाहून रविवारच्या गळकऱ्याने आपला भरणं हा निव्वळ जाहिरातीचा विजय आहे. आणि विक्रमांचंच बोलायचं, तर १९३२ साली जॉर्जियात आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात सापडलेले, दहा किलोंच्या आसपासचे दोन्ही बास प्लास्टिकच्या गांडुळाला लागले नव्हते. पहिला लाकडी आमिषाला लागला, दुसरा जिवंत माशाला.

आता या खेळाची खटकणारी बाजू. ही गांडुळं म्हणजे मऊ करणारी रसायनं मिसळलेलं पीव्हीसी. दोन-तीन मासे लागले की ती फाटतात आणि गळावरून सुटून पाण्यात जातात. ती कुजत नाहीत. माशाने गिळली तर पोटात फुगतात. मेन राज्यात २०१३ साली त्यांच्यावर बंदी घालणारं विधेयकही आलं होतं, पण ते संमत झालं नाही. शिशाच्या छोट्या वजनांवर मात्र मेन, न्यू हॅम्पशर यांसारख्या राज्यांनी निर्बंध घातले आहेत, कारण ती गिळून लून पक्षी मरतात. टंगस्टनची वजनं महाग पडतात, पण ती घ्यावीत. आणि फाटलेलं गांडूळ पाण्यात न भिरकावता खिशात घालावं. पिकनिकहून खरकट्या पत्रावळी उचलून आणणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

रायगडच्या खाड्यांत जिताड्यासाठी आणि तलावांत मरळीसाठी आता आपल्याकडेही मऊ प्लास्टिकची आमिषं वापरली जातात. तिथेही फाटलेलं आमिष खिशात घालण्याचा नियम लागू. बास मासा मात्र तिकडेच राहू द्यावा. जपानने तो १९२५ साली हौसेने आणला. आज तिथे तो उपद्रवी परकी प्राणी ठरला आहे आणि बिवा सरोवरात पकडलेला बास परत सोडायलाही मनाई आहे.

टेक्सासात राहणाऱ्यांसाठी एक शेवटची माहिती. तिथल्या राज्य उद्यानांत काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, आणि बऱ्याच उद्यानांत रॉड-रीळ फुकट वापरायला मिळतात. तेव्हा पहिल्या खेपेला विकत घ्यायचं ते फक्त गांडुळांचं एक पाकीट, चार-दोन गळ आणि तेवढीच वजनं.