शपथ स्वस्त, विश्वास महाग

मराठी मुलखात एके काळी बेलभंडारा उचलून दिलेला शब्द अखेरचा मानला जाई. त्यानंतर शंका घेणे हा त्या माणसाचा अपमान ठरे. आज तीच शपथ मुद्रांकाच्या कागदावर टंकलिखित होऊन मिळते, तिच्यावर नोटरीचा लाल शिक्का बसतो आणि तरीही समोरचा कारकून विचारतो, "दुसरा काही पुरावा आहे का?" आपण राहतो कोठे, एवढी साधी गोष्ट सांगतानाही नागरिकाच्या शब्दाला किंमत उरलेली नाही.

कागल तालुक्यातील बिद्री या गावाचे उदाहरण घ्या. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव सर्वदूर पोचले. अशा कारखान्याच्या गावी नोकरी-व्यवसायासाठी आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. वीजबिल घरमालकाच्या नावे, भाड्याचा व्यवहार तोंडी. संमतीपत्र मागितले की मालक कचरतो. उद्या हा घरावर हक्क सांगेल ही धास्ती. गळीत हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुराची अवस्था याहून बिकट. पाच-सहा महिने ज्या कोपीत त्याचा संसार चालतो, तिला ना घर क्रमांक, ना घरपट्टीची पावती. बँकेत वा मुलाच्या शाळेत 'पत्त्याचा पुरावा आणा' असे सांगितले, की त्याच्यापुढे प्रतिज्ञापत्राखेरीज दुसरा मार्ग राहत नाही.

आणि ते प्रतिज्ञापत्र तरी कसे तयार होते? कोणत्याही कचेरीबाहेर मजकूर तयारच असतो. फक्त नाव आणि गाव भरायचे. 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो' असे लिहून सही करणारा कित्येकदा त्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी प्रथमच भेटलेला असतो. म्हणजे खरा पत्ता सिद्ध करण्यासाठी प्रामाणिक माणसाला खोट्या ओळखीचा आधार घ्यावा लागतो. यापरते दुर्दैव कोणते?

शासनाने याबाबत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रहिवासी, उत्पन्न, जात आदी दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयांत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्याने १ जुलै २००४ रोजीच माफ केले. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, कायद्याने आवश्यक नसेल तेथे, प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरविले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पारपत्राच्या अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रेही साध्या कागदावर आणली. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक शुल्क शंभरावरून पाचशे रुपयांवर गेले, तेव्हा दाखल्यांसाठी पाचशेचा कागद मागितला जाऊ लागला आणि जुनी माफी कायम असल्याचे शासनाला पुन्हा बजावून सांगावे लागले. वीस वर्षांपूर्वीचा आदेश खिडकीपर्यंत पोचत नसेल, तर दोष कायद्याचा नव्हे, खिडकीचा आहे.

मग प्रत्येकाच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवावा काय? मुळीच नाही. खोट्या पत्त्यावर एक कागद उभा राहिला, की त्याच्या आधारे दुसरा उभा राहतो आणि पाहता पाहता परका माणूस गावचा जुना रहिवासी ठरतो. हा धोका काल्पनिक नाही. मात्र त्यावरचा उपाय शिक्क्यांची संख्या वाढविणे हा नव्हे. लबाडाला शिक्का मिळविणे कधीच अवघड गेलेले नाही. भारतीय न्याय संहितेत खोटी शपथ आणि खोटी घोषणा हे अपराध आहेत. न्यायालयाबाहेरच्या खोट्या पुराव्यालाही तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु खोटा पत्ता लिहिल्याबद्दल खरोखर शिक्षा भोगलेला माणूस आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? शिक्षेचे भय नाही आणि सत्याची कदर नाही, अशा ठिकाणी चोर सुटतो आणि संन्याशाला सूळ मिळतो.

पडताळणी कशी असावी, याचा धडा निवडणूक आयोगाच्या नियमांत आहे. बेघर व्यक्तीचे नाव मतदारयादीत घेताना तिच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती खरोखर तेथेच झोपते काय, हे पाहतो. माणसाचे राहणे पाहून ठरते, कागद पाहून नव्हे.

हे काम एकट्या शासनाचे नाही. शेजारी कोण राहतो हे ठाऊक असणारे गाव हीच सर्वांत विश्वासार्ह नोंदवही. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील भाडेकरू आणि मजूर कुटुंबांची ओळख करून घ्यावी, त्यांचे अर्ज भरून द्यावेत, शासन निर्णयाची प्रत खिडकीवर दाखवावी. आणि अनोळखी माणसासाठी 'ओळखतो' अशी सही करण्यास मात्र ठाम नकार द्यावा. खऱ्याच्या पाठीशी उभे राहणे आणि खोट्याला सही न देणे, ही दोन्ही व्रते एकत्र पाळली गेली, तरच शपथेला पुन्हा वजन येईल.