निजामांचे वकील मॉन्क्टन

परवा विद्यानगरात एका स्नेह्यांकडे चहा होता होता पोलीस ॲक्शनचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या नावाने बोटे मोडून झाली. निजामांच्या पैशावर पोसलेला गोरा वकील, हा आपल्या जुन्या घरांतला शिक्का. मला तो पुरता पटत नाही. गृहस्थ लबाड नव्हते. त्यांचा दोष निराळा होता.

१९३६ मध्ये आठव्या एडवर्डने राज्य सोडले, तेव्हा राजा आणि पंतप्रधान बाल्डविन यांच्यामध्ये ये-जा करणारे हेच. दोन्ही पक्षांना विश्वास वाटावा, हा त्यांचा खरा गुण. त्याच बळावर १९४७ मध्ये त्यांनी दिल्लीशी बोलणी करून कराराचा मसुदा तयार केला. २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने त्यांच्या, छतारीच्या नवाबांच्या आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळाला निघू दिले नाही. निजामांनी मान तुकवली. मॉन्क्टननी राजीनामा दिला. इथवर शाबासच म्हणावे.

पण २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला आणि पुढच्या वर्षी मॉन्क्टन पुन्हा निजामांच्या कामाला हजर! सूत्रे कासीम रझवीच्या हाती आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर! जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्याबरोबर त्यांनी जुळवत आणलेला मसुदाही निजामांनी नाकारला. असा नामवंत मनुष्य बोलणी करतो आहे, म्हणून निजामांना मुदत मिळत गेली. त्या मुदतीची किंमत मराठवाड्यातल्या खेड्यांनी आणि घरदार टाकून सरहद्दीपलीकडे गेलेल्या कुटुंबांनी दिली.

विद्यार्थ्याचा सूर घसरतो आहे हे कळत असताना आपण पेटीचा आवाज वाढवून तो झाकतो. मीही केले आहे. पालक समोर असले की मोह होतो.

पुढे विलायतेतही तेच. १९५१ मध्ये चर्चिलनी त्यांना मजूरमंत्री केले. संप मिटवण्यात हातखंडा, म्हणून तेलाची बुधली असे टोपणनाव पडले. १९५६ मध्ये ते संरक्षणमंत्री असताना सुएझचा बेत शिजला. त्यांना तो मान्य नव्हता. ऑक्टोबरात त्यांनी ते खाते सोडले. पण मंत्रिमंडळात दुसरे पद घेऊन बसले आणि बाहेर अक्षर काढले नाही. १९५७ मध्ये उमरावकी मिळाली.

आमचे स्नेही म्हणाले, "अहो, वकील तो. पक्षकार सोडून जाईल कसा?"

मी म्हटले, "२७ ऑक्टोबरनंतर सोडलाच होता की!"