रोजेदाराची जिद्द ईदनंतर कुठे जाते?

दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणारा माणूस रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास सिगारेटला हात लावत नाही. त्याच्यावर पहारा नसतो, तरी तो पाळतो. इफ्तारच्या खजुरानंतर मात्र तो टपरीवर दिसतो आणि ईदला सारे पूर्ववत होते. म्हणजे मनाची ताकद असते, ती टिकवणारी सोबत नसते. हृदयविकाराच्या रुग्णांपुढे डॉक्टर हात टेकतात तेही इथेच.

डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला ‘इंटरहार्ट’ अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांशी जोडलेला आढळला. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायामाचा आणि फळे-भाज्यांचा अभाव हे त्यांतले. यातले बहुतेक बदलता येण्यासारखे आहेत.

झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर हे बदल घडवण्यासाठीच हृदय पुनर्वसन, म्हणजे कार्डियाक रिहॅब असते. देखरेखीखाली व्यायाम, आहाराचा सल्ला, तंबाखू सोडायला मदत, औषधांची शिस्त आणि मनाला उभारी, असा हा साधारण तीन महिन्यांचा कार्यक्रम. त्याने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होणे कमी होते, हे सिद्ध झाले आहे. तरी अनेक रुग्ण फिरकत नाहीत. केंद्र दूरच्या शहरात असते, रोजंदारी बुडते, घरातली बाई स्वतःचे दुखणे शेवटी ठेवते. शिवाय स्टेंट बसला की आजार गेला, असा समज. स्टेंट एक अडथळा उघडतो, रक्तवाहिन्यांचा आजार तिथेच असतो.

अशा रुग्णाला घाबरवून फार काही साधत नाही. मरणाची भीती रुग्णालयातून घरी येताच ओसरू लागते. टिकते ते ठरलेल्या वेळी, चारचौघांच्या सोबतीने केलेले. रमजानमध्ये नेमके हेच असते. सगळे घर सहरीला उठते, मोहल्ला एकत्र रोजा सोडतो, तरावीहला शेजारी नाही दिसला तर कोणी चौकशी करतो. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्याचे पायही याच बळावर चालतात. अर्थात ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे इफ्तारच्या भजी-समोशांनाही लागू आहेच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हृदयरुग्णाने रोजा धरून धाडस सिद्ध करायचे नसते. आजारी माणसाला कुराणाने सवलत दिली आहे. बरा झाल्यावर रोजे भरून काढता येतात, ते शक्य नसेल तर फिदया आहे. नुकताच झटका आलेल्याने किंवा हृदय कमजोर असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे तर जिवावर बेतू शकते. रोजा सोडलेल्या रुग्णाकडे वाकड्या नजरेने पाहणारे नातेवाईकही त्याच्या आजारात भर घालतात. हे इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात सांगितले, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा लवकर पटेल.

ज्याला डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, त्याच्यासोबत फजरनंतर दोघे-तिघे चालले तर तो चालेल. त्या सोबतीत मंदिरातून परतणारा शेजारीही असू शकतो, आजार दोघांनाही सारखाच होतो. सिगारेट सोडणाऱ्याला ईदनंतरही रोज संध्याकाळी कोणीतरी ‘आज कसा गेला दिवस?’ असे विचारावे. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो. महिनाभर दिवसाचे तेरा तास जमवणाऱ्याला उरलेले अकरा तासही जमतील. त्या अकरा तासांत घराने आणि मोहल्ल्याने त्याला एकटे सोडू नये, एवढेच.