संदर्भासह स्पष्टीकरण

आमच्या धाकट्या बहिणीला यंदा दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या खेपेला सिझेरियन झालेले, तेव्हा आईने निकालच दिला, "एकदा पोट फाडले, की दर वेळी फाडायचेच!"

या अर्थाचे वाक्य न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली लिहिले, तेही पहिलेच सिझेरियन ऊठसूट करू नका, हे बजावण्यासाठी. परीक्षेत आम्ही संदर्भ विचारतो, तो काय उगाच?

त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत. आता बहुधा खाली आडवा घेतात. असा एकच व्रण असलेल्या १०० जणींनी प्रयत्न केला, तर साधारण ६० ते ८० जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. मात्र २०० त सुमारे एकीचा व्रण उसवतो, आणि मग दोन्ही जिवांशी गाठ असते! औषधाने कळा आणल्या, तर हा धोका वाढतो. मिसोप्रोस्टॉल तर वर्ज्यच. म्हणून तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलेच इस्पितळ हवे.

धाकटीने जुने कागद डॉक्टरीणबाईंना दाखवले. छेद आडवाच निघाला. कळा आपणहून आल्या तर प्रयत्न करायचा, नाही तर सिझेरियन, असे ठरले. आई अजून धुसफुसते आहे. पण फराळाबरोबर डिंकाच्या लाडवांची तयारी तिनेच मांडली आहे!