बिल्ला कुठे हरवला?

विजेचे बिल भरायला बसावे, नाव आणि पासवर्ड टाकावा, दोन पाने पुढे जावे आणि यंत्राने एकाएकी विचारावे, “आपण कोण?” हा अनुभव आता घरोघरीचा झाला आहे. बिल एक वेळ उद्या भरता येते. पण मुलीच्या प्रवेश-अर्जाचा शेवटचा दिवस असला, तीन पाने माहिती भरून झाली असली आणि मग हा प्रश्न आला, म्हणजे घरात दिवाळीआधीच फटाके वाजतात! वडील म्हणतात, “तू काहीतरी भलतेच दाबलेस.” मुलगा म्हणतो, “मी हातसुद्धा लावला नाही.” वाचकहो, बहुतेक वेळा मुलाचेच खरे असते.

हा विसराळूपणा येतो कोठून, ते आज पाहू. आपले चिरंजीव किंवा कन्यका संकेतस्थळे तयार करण्याच्या नोकरीत असतील, तर हे पान त्यांच्यापुढे अवश्य सरकवावे.

मूळ गोष्ट अशी की, ज्या नियमांनी ही पाने येतात-जातात त्या एचटीटीपीला स्मरणशक्तीच नाही. प्रत्येक मागणी म्हणजे त्याच्या लेखी नवा पाहुणा. यावर 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी तोड काढली. तिचे नाव कुकी. चहाबरोबरच्या बिस्किटाशी तिचा संबंध नाही. बँकेत चेक दिल्यावर कारकून पितळी बिल्ला हातावर ठेवीत असे, तो आठवा. सगळी नोंद बँकेच्या वहीत, आपल्या हाती फक्त नंबर. सेशनची कुकी हा तोच बिल्ला. सर्व्हर नंबर देतो, आपला ब्राउझर दर खेपेस तो दाखवतो आणि सर्व्हर आपल्या वहीत तो नंबर शोधतो.

तेव्हा घोटाळा झाला की तीनच प्रश्न विचारावेत, आणि तेही याच क्रमाने. बिल्ला दिला का? तो परत दाखवला गेला का? वहीत नोंद सापडली का? ब्राउझरमध्ये एफ-12 ची कळ दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा. सर्व्हरच्या उत्तरात ‘सेट-कुकी’ ही ओळ दिसली, तर बिल्ला दिला गेला. पुढच्या मागणीत ‘कुकी’ ही ओळ दिसली, तर तो परत गेला. दोन्ही दिसून नंबरही तोच असेल, तर दोष वहीत. एवढे न पाहता प्रोग्राममध्ये इकडेतिकडे बदल करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

बिल्लाच दिला जात नाही, याची कारणे थोडी. कुकी ही पाकिटावर लिहायची गोष्ट. पत्रातला मजकूर रवाना झाल्यावर पाकिटावर लिहिता येत नाही. पीएचपीत फाईलच्या आरंभी एखादी रिकामी ओळ राहिली तरी मजकूर निघाला असे ठरू शकते. दुसरे कारण असे: बाहेर कुलूपबंद एचटीटीपीएस असते, पण आतल्या सर्व्हरपर्यंत मधला प्रॉक्सी साध्या एचटीटीपीने बोलतो. आतल्याला वाटते, रस्ता असुरक्षित आहे. म्हणून ‘सेक्युअर’ शिक्क्याचा बिल्ला तो देतच नाही. प्रॉक्सीच्या निरोपावर विश्वास ठेवायला त्याला सांगावे लागते.

बिल्ला दिला पण परत आला नाही, हे प्रकरण अधिक गमतीचे. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्या पत्त्यावर मिळालेला बिल्ला, तसे मुद्दाम लिहिले नसेल, तर ते न लावलेल्या पत्त्यावर चालत नाही. पण खरी डोकेदुखी आहे ‘सेमसाइट’ची. 2020 साली क्रोमने नियम बदलला. ज्या कुकीवर ‘सेमसाइट’बद्दल काहीच लिहिलेले नाही, ती परक्या संकेतस्थळाकडून ‘पोस्ट’ पद्धतीने आलेल्या मागणीबरोबर पाठवायची नाही. हेतू चांगला, लबाड संकेतस्थळाने आपल्या नावावर परस्पर व्यवहार करू नये. पण बँकेच्या पानावर पैसे भरून आपण दुकानात परततो ते पुष्कळदा याच वाटेने! त्यातून, कुकी मिळून दोन मिनिटेही झाली नसतील तर क्रोमने सवलत ठेवली. म्हणजे प्रोग्राम लिहिणारा तरुण झटपट पैसे भरून पाहतो आणि “सगळे ठीक” म्हणतो. आजोबा मात्र चष्मा शोधून, ओटीपीचे आकडे दोनदा वाचून परत येतात, तो दुकान विचारते, “आपण कोण?” पैसे गेलेले, पावती नाही!

यावर ‘सेमसाइट=नन’ आणि जोडीला ‘सेक्युअर’ लिहिणे हा एक इलाज. त्याहून चांगला इलाज असा की, परत आलेल्याची ओळख बिल्ल्यावर सोडूच नये. ऑर्डरच्या नंबरावरून सर्व्हरने थेट बँकेकडे खात्री करून घ्यावी. आणि आजोबांनी? लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी बँकेचा निरोप नि खाते पाहावे.

राहिली वही. पीएचपीत मूळची मुदत 1440 सेकंदांची, म्हणजे 24 मिनिटांची. तेवढा वेळ हालचाल नसली की नोंद रद्दीत जाण्यास पात्र ठरते. लांबलचक अर्ज भरताना मध्ये दाखला शोधायला उठलेल्या माणसाला ती पुरत नाही. अर्ज टप्प्याटप्प्याने साठवण्याची सोय हाच तेथे खरा उपाय. एक खेप ओळख पटते, पुढल्या खेपेस नाही, असे होत असेल तर समजावे की खिडक्या दोन आणि वह्याही दोन. सर्व सर्व्हरना रेडिससारखी एकच सामाईक वही द्यावी. सगळ्यांनाच एकदम बाहेर काढले गेले, तर वही सर्व्हरच्या तात्पुरत्या स्मृतीत होती आणि तो पुन्हा सुरू केला गेला, असा संशय घ्यावा.

कटकट नको म्हणून मुदत वर्षाची करून टाकणे मात्र धोक्याचे. बिल्ला ज्याच्या हाती, तोच खातेदार! 2010 साली फायरशीप नावाच्या साधनाने उघड्या वाय-फायवर इतरांचे बिल्ले किती सहज पळवता येतात, हे जगाला दाखवून दिले. म्हणून ‘सेक्युअर’ आणि ‘एचटीटीपीओन्ली’ हे दोन्ही शिक्के हवेत, लॉगिन होताच नवा नंबर हवा, आणि लॉगआउटनंतर वहीतली नोंदही खोडलेली हवी.

आपणही एक पथ्य पाळावे. परक्या संगणकावर नुसती खिडकी मिटून उठू नये. मागची पाने पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल, तर ब्राउझर पानांबरोबर बिल्लेही परत आणतो. लॉगआउट म्हणावे, मगच खुर्ची सोडावी. आणि पुढल्या वेळी यंत्राने “आपण कोण?” म्हणून विचारले, तर मुलावर ओरडण्याआधी त्याला एफ-12 दाबायला सांगावे.